आधी ओ देणारा

तंजावुरात एकाच घराण्यात दोन रंगराव असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, आणि आजोबांना दोन मुलगे असले की दोन रंगराव जन्मणारच. त्यात आडनाव लावायची पद्धत गावात कधीच मागं पडलेली. नावापुढं बापाच्या नावाचं एक इंग्रजी अक्षर लावलं की झालं. या दोघांचे बाप सांबशिव आणि सुब्रह्मण्य, म्हणजे दोघंही एस. रंगराव. शाळेच्या हजेरीपासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडं घोळ. घरात मात्र घोळ नव्हता, कारण घरात त्यांना त्या नावानं कुणी हाकच मारत नसे. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही. तेव्हा सांबशिवाच्या बायकोनं आपल्या मुलाला मणी म्हटलं, सुब्रह्मण्याच्या बायकोनं, वसुमतीनं, आपल्या मुलाला राजा म्हटलं, आणि दोन्ही पोरं स्वतःचं खरं नाव आईच्या तोंडून एकदाही न ऐकता मोठी झाली.

ही गोष्ट मणीची. राजाची बाजू सांगायला राजा समर्थ आहे, त्याच्या जिभेला कधी गंज चढला नाही.

मणीची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून वसुमतीकाकूनंच दोघांना एका ताटात भात कालवून भरवला. दोघांची शाळा एक, वर्ग एक. मास्तरांनी 'रंगराव' म्हटलं की आधी राजा उभा राही. बक्षीस असलं तर पुढं जाई, छडी असली तर मागच्या बाकाकडं बोट दाखवी. मणीला याचं कधी काही वाटलं नाही. भाऊच आहे, असं तो म्हणे. असल्या माणसाला फसवायला अक्कलसुद्धा फारशी लागत नाही, नुसतं जवळ असावं लागतं.

सत्त्याण्णव साली दोघंही व्यंकटरमण यांच्याकडं नोकरीला होते. व्यंकटरमण यांची पूर्वी एका माडीवर टायपिंगची शिकवणी होती. टाइपरायटर गेले, त्या जागी चार संगणक आले, आणि परदेशी काम मद्रासेत उतरून तिथून झिरपत तंजावुरापर्यंत येऊ लागलं. मद्रासेतली एक कंपनी अमेरिकेतल्या मासिकांच्या लेखकसूची करून देई, आणि त्यातली नावं टाइप करून जुळवायचं काम या माडीवर होई. कंपनीचं स्वतःचं सगळं काम युनिक्सवर चाले. इथं चारही यंत्रांवर विंडोज. म्हणून कंपनीनं एक सीडी धाडली होती. तिच्यात युनिक्सच्या त्या छोट्या छोट्या आज्ञा विंडोजवर चालतील अशा करून भरलेल्या होत्या. काळ्या पडद्यावर 'सॉर्ट' लिहिलं की नावं क्रमानं लागायची, पुढच्या आज्ञेनं दोन याद्या जुळायच्या, आणि सूची तयार व्हायची.

राजा दाराजवळच्या यंत्रावर बसे. फोन तिथंच, ईमेलही तिथूनच जाई. इंग्रजी बोलायला तो बरा, आल्यागेल्याचं करायला त्याहून बरा. मणी मागं, भिंतीला तोंड करून. त्याला त्या आज्ञांचा नाद लागला होता.

त्याला आणखी एक ओढ होती. त्याची बायको गायत्री टेलिफोन खात्यात होती. दोन वर्षांपूर्वी तिची बदली मद्रासेला झाली आणि ती लहानग्या नंदिताला घेऊन तिकडं एका खोलीत राहू लागली. मणी महिन्यातून एखाद्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं जाई आणि रविवारी परत निघे. नंदिता त्याला आता पाहुण्यासारखी वागवू लागली होती. आपण आलो की ती खेळणी आवरून ठेवते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यामुळं कंपनी सगळ्या केंद्रांतल्या या आज्ञांची देखभाल करायला एका माणसाला मद्रासेस घेणार आहे, असं कानावर आलं, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. गायत्रीला तो फोनवर सांगून बसला होता की होईल काहीतरी.

अशात सूचीतून नावं गळू लागली. सगळी नाही. मॅकडोनाल्ड राहायचा आणि त्याच्या शेजारचा कुणी नाहीसा व्हायचा. यंत्र चूक झाली म्हणून सांगेना, तक्रार करीना, काम नीट पार पडल्यासारखं गप्प बसे. मद्रासेहून खरमरीत निरोप आला की असंच चाललं तर काम काढून घेऊ. व्यंकटरमण यांनी टाइप करणाऱ्या मुलींना फैलावर घेतलं. त्यांची काही चूक नव्हती.

मणीनं फ्लॉपी बदलून पाहिली, व्हायरस शोधला, सीडी पुन्हा चढवली. काही फरक नाही. मग त्यानं एकच फ्लॉपी आधी आपल्या यंत्रावर चालवली, मग दाराजवळच्या. आपल्यावर नावं पुरी, दाराजवळ अपुरी. यादी तीच, आज्ञा तीच. तेव्हा त्यानं दाराजवळच्या यंत्रावरच्या सॉर्टला विचारलं, बाबा रे, तू कुठला, कितवी आवृत्ती? सीडीतला सॉर्ट अशा प्रश्नाला आपलं नावगाव सांगतो. हा भलतंच काहीतरी पुटपुटला. आणि मणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा तो सॉर्ट नव्हेच. विंडोजच्या घरात स्वतःचा एक सॉर्ट आधीपासून होता. त्याचं नाव तेच, पण रीत वेगळी. तो इंग्रजी मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं एकच धरायचा, सीडीतला वेगवेगळी. एकानं लावलेला क्रम पुढच्या आज्ञेला कळेना, आणि न कळलेली नावं ती मुकाट्यानं टाकून देई. यंत्र नाव ऐकलं की ठरलेल्या वाटेनं घरं शोधत जातं आणि पहिला जो त्या नावाचा भेटेल त्याला कामाला लावतं. दाराजवळच्या यंत्रात ती वाट उलटी, आधी विंडोजच्या घराकडं जाणारी, लिहिली गेली होती, इतकंच.

मणीनं आज्ञेत नुसतं नाव न लिहिता घर, माडी, खोली असा पुरता पत्ता लिहून टाकला. सूची पुरी आली. त्यानं सगळं मुद्देसूद लिहून काढलं, खाली एस. रंगराव अशी सही केली, आणि मजकूर राजाकडं दिला. ईमेल तिथूनच जायची.

दोनच दिवसांनी संध्याकाळी राजा आपणहून त्याच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसला. येताना गरम वडे घेऊन आला. म्हणाला, ते सॉर्टचं काय झालं ते नीट समजावून सांग, मला काही कळलं नाही. मणीला केवढा आनंद झाला. इतक्या वर्षांत राजानं त्याच्या कामाबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता.

"हें बघ," मणी म्हणाला, "टपालवाला दारांत उभा राहून रंगराव मणून हाक मारतो. ओ कोण देतो? दाराजवळ जो बसलाय तो. हाक कुणाला होती तें कोण विचारतो? यंत्र तसंच."

"मग करायचं काय?"

"नुसतं नाव सांगायचं नाही. कुठल्या वीथीतला, कुठल्या घरांतला, कुणाचा मुलगा, अस्क, सगळं सांगायचं. मग दुसरा उठणारच नाही."

राजा खूप हसला. पुन्हा पुन्हा विचारून त्यानं सगळं घोटून घेतलं. वाट कुठं लिहिलेली असते, ती कशी पाहायची, जुळवणी का फसते, सगळं. मणीनंही काही हातचं राखलं नाही. वडे संपले तरी तो सांगतच होता.

पुढच्या सोमवारी राजा रजेवर होता. पापनाशमला शेताच्या वाटणीचं काम आहे, असं तो सांगून गेला. नंतर एकदा त्याची तब्येत बरी नव्हती. मणीनं काकूकडं चौकशीही केली नाही, इतका त्याचा विश्वास.

मग एक दिवस राजा जागेवर नसताना फोन वाजला. मणीनं उचलला आणि रंगराव बोलतोय म्हणाला. पलीकडं मद्रासच्या कंपनीतल्या धनलक्ष्मी मॅडम होत्या. येताना मूळ सर्टिफिकिटं आणायला विसरू नका, असं त्या सांगू लागल्या, आणि मध्येच थांबल्या. तुमचा आवाज वेगळा वाटतो, म्हणाल्या. मणी म्हणाला, मीच रंगराव. तेव्हा त्या हसल्या.

"अच्छा, तुम्ही ते दुसरे रंगराव. टायपिंगचे. सांगितलंय त्यांनी आम्हाला."

सॉर्टचं मी शोधून काढलं, एवढं मणी बोलला. बाईंचा आवाज एकदम थंड झाला. त्यांनी सांगितलं की रंगरावांनी मुलाखतीत सगळं इतकं सुरेख समजावलं, ते टपालवाल्याचं उदाहरण तर असं रंगवलं, की सगळे हसत होते. ज्यानं शोधलं नाही त्याला असं सांगता येईल का? नेमणूक झालेली आहे, भावाभावांतलं घरात मिटवा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

टपालवाला. मणीच्या तोंडचा टपालवाला, मणीच्या तिण्णैवरचा. नोकरी गेली याच्याआधी त्याला ते लागलं. वडे खाऊ घालून केसानं गळा कापला होता, आणि गळा त्यानं आपण होऊन पुढं केला होता. घोटून घोटून शिकवलं होतं.

राजा आला तेव्हा मणीनं त्याला जिन्यातच गाठलं. हात उचलायचं मनात होतं, पण उचलला गेला नाही. राजाची नजर आधी खाली गेली, मग वर आली, आणि वर आली तेव्हा तिच्यात काहीच नव्हतं.

"त्या मॅडमनं रंगराव मणून विचारलं, मी हो मटलं," तो म्हणाला. "खोटं काय बोललों मी?"

"गायत्री तिथं आहे. नंदिता आहे. तुज ठाऊक होतं."

राजा बाजूनं वाट काढून वर गेला आणि दाराजवळच्या आपल्या जागी बसला. व्यंकटरमण यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि हात वर केले. त्यांना मद्रासचं काम टिकवायचं होतं, आणि तिथं ओळखीचा रंगराव असणं त्यांच्या सोयीचंच होतं.

महिन्याभरात राजा मद्रासेस गेला. पहिल्याच रविवारी तो गायत्रीच्या खोलीवर जेवायला गेला, नंदितासाठी मिठाई घेऊन. गायत्रीनं त्याला आग्रह कर-करून वाढलं. ती जागा राजानं कशी मिळवली ते तिला ठाऊक नव्हतं, कारण मणीला ते सांगायला तोंड नव्हतं. फोनवर ती म्हणाली, राजाभावोजी सांगत होते, इथली जागा भरली म्हणे, तुमचं आता पुढच्या खेपेला. मणीनं फोन ठेवला आणि टेलिफोनच्या त्या काचेच्या खोक्यात उभा राहून रडला. बाहेर लोक ताटकळले होते, ते काच वाजवू लागले.

त्यानं काकूकडं जाणं सोडलं. गल्ली तीच, वाट तीच, पण तो पलीकडून फिरून घरी यायला लागला. आणि एक दिवस काकूच आली. दुपारची वेळ होती, मणी तिण्णैवर बसला होता. म्हातारी धापा टाकत शेजारी बसली. किती वाळलास रे म्हणाली, पाठीवरून हात फिरवला. मणी जरा विरघळला. अखेर कुणीतरी आपली चौकशी करायला आलं, असं त्याला वाटलं.

"राजाचा फोन आलता," काकू म्हणाली. "तिकडं 'फाइंड' मणून कायसं अडलंय. नावं हुडकायला सांगितलं तर भलतंच बोलतंय मणाला. तुज ठाऊक असेल. त्याज विचारायला धीर होत नाही."

मणीला उत्तर ठाऊक होतं. फाइंड नावाचेही दोन होते. एक विंडोजचा, एक सीडीतला. राजानं घोटून घेतला होता तो एकटा सॉर्ट. दुसरं नाव आलं तसा तो पुन्हा मागच्या बाकाकडं बोट दाखवत होता.

"काकू," तो म्हणाला, "ज्यानं तें शोधून काढलं तो रंगराव मद्रासेस गेला. मी दुसरा. टायपिंगचा."

काकूला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण मुलगा तिचा होता आणि त्याची खोडही तिला चांगली ठाऊक होती. तिनं पदर सारखा केला, उजव्या हातानं दोन्ही गाल शिवले, देवापुढं चुकल्यावर शिवतात तसे, आणि मग जन्मात तोंडातून न काढलेलं सासऱ्याचं नाव हलक्या आवाजात घेतलं.

"रंगराव," ती म्हणाली. "रंगराव तूं."

हाक त्याचीच होती, पत्त्यासकट, समोर बसून मारलेली. पण मणीनं सवयीनं मागं वळून दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तरी त्याच्या तोंडून ओ निघाली नाही.