काचेला चिकटलेला रंग

आमच्या सरांचा मला आजही राग येतो. ते वारले म्हणून काय झालं?

पुण्याला मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते तेव्हा प्रयोगशाळेतल्या नळ्या घासायचं काम माझ्याच गळ्यात असे. विद्यार्थी पाच होतो, बौद्ध मी एकटी. कारण कुणी बोलून दाखवलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

काम रंगाचं होतं. काचेच्या नळीत निळ्या रंगाचं पाणी घ्यायचं, त्यात डीएनए भरलेली पातळ पिशवी सोडायची. पाण्यात जेवढा रंग कमी भरेल तेवढा डीएनएला चिकटला असं धरायचं. पाणी तापवलं की रंग सुटू लागतो. कोणत्या तापमानाला किती सुटला त्यावरून, चिकटताना किती उष्णता बाहेर पडते ते काढायचं. सरांनी तो आकडा छापला होता आणि त्यावर त्यांचं नाव झालं होतं.

पण मेला रंग काचेलाही चिकटायचा. घासून घासून माझी बोटं निळी व्हायची. ज्यांनी जन्मात एक नळी धुतली नाही त्यांना हे कळणार कुठून? मी डीएनए न घालता नुसता रंग ठेवून पाहिला. तरी पाण्यात रंग कमी भरला, थंड नळीत तर आणखीच कमी. म्हणजे सरांच्या आकड्यात बरीचशी उष्णता काचेची होती.

हे सांगितल्यावर सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग विभागाची सहल मुळशी धरणावर निघाली. आमचं घर तिथंच, म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, हौसेनं सगळ्यांना चहाला बोलावलं. सरांनी कपाला हात लावला नाही. पोट बिघडलंय म्हणाले. तासाभरानं धरणाजवळच्या टपरीवर त्याच पोटात दोन प्लेट भजी गेली. तिथंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रबंधात माझा आकडा घाल. नाहीतर माझी सही विसर."

आबा पिरंगुटच्या कारखान्यात पाळ्या करून मला शिकवत होते. संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं.

"मला त्या रंगातलं काय कळत न्हाई," ते म्हणाले. "पर तुला दिसलं ते खोटं हाय का?"

"न्हाई."

"मग तेच लिव्ह. सही गेली तर जाऊ दे."

मी सरांचा आकडा घातला. सही मिळाली. आबांनी गावभर पेढे वाटले, आणि घरी येऊन एवढंच विचारलं, "खरं तेच लिवलंस न्हवं?"

मी व्हय म्हणाले.