नवसाचं ताट आणि माझी बेस गिटार

१९६३ साली इस्राएलातल्या रामला गावात आम्ही तिघं लग्नांत वाजवायचो. थोरल्या भावाची क्लॅरिनेट, शेजाऱ्याचा ड्रम आणि माझी बेस गिटार. मी जीव तोडून वाजवायचो, पण ऐकू कुणालाच यायचं नाही. वडील म्हणायचे, "हा नुसता उभा राहतो." हैफाच्या एका लग्नघरानं नमुन्याची टेप मागितली, तेव्हा वडिलांनी निकालच लावला. टेपवर माझी गिटार ऐकू आली नाही, तर रविवारपासून, म्हणजे तिथला कामाचा आठवडा सुरू झाला की, मी त्यांच्याबरोबर कारखान्यात. त्या कारखान्याची मला चांगलीच धास्ती होती.

टेपरेकॉर्डर उसना, मायक्रोफोन एकच. तेव्हा मिक्सिंग म्हणजे माणसं हलवणं. ड्रमवाल्याला न्हाणीघरात कोंडलं, भावाला जिन्यात ढकललं, मायक्रोफोन माझ्या स्पीकरच्या तोंडाशी धरला. कोपऱ्यात स्पीकर नुसता घुमायचा, म्हणून तो भिंतीपासून ओढला आणि खाली आईनं मुंबईहून आणलेली गोधडी घातली. आवाज कसा भरदार झाला! पण खालचा सूर लागला की कुठूनतरी झर्रर्र.

मी तारा बदलल्या. भावानं स्पीकर उघडून पुन्हा बंद केला. ड्रमवाल्यानं न्हाणीघरातूनच शपथ घेतली की तो नव्हे. शेवटी सापडलं ते फळीवरचं तांब्याचं ताट. मी हात घालतोय तोच आई कडाडली, "हात नको लावूस! टेप नीट झाली तर मलिदा करीन, असं एलियाहू हनाबीला बोललेय मी. नवसाचं ताट हाय ते. फेडल्याबिगर हलवायचं नाय." एलियाहू हनाबी म्हणजे आम्हा मराठी ज्यूंचा नवसाला पावणारा पैगंबर, आणि मलिदा हा त्याच्या नवसाचा गोड प्रसाद.

"अगं, ते वाजतंय तोवर टेप नीट होणार नाही."

"आनि टेप नीट झाल्याबिगर नवस कसा फेडू?"

भाऊ हिब्रूत काहीतरी पुटपुटला. आईला हिब्रू कळत नव्हतं, नाहीतर त्या दिवशी क्लॅरिनेटही मोडली असती.

आईनं पदर खोचला. मग म्हणाली, "आधीच फेडते. पुढचं हनाबी बघून घेईल." तिनं पोहे भिजवले, गूळ-खोबरं कालवलं, आणि स्टुलावर चढून फळीवरच ताट शिगोशीग भरलं. वर केळी, सफरचंद, खजूर. प्रार्थना झाली. मी घाबरत घाबरत खालचा सूर लावला. भरलेलं ताट गप्प! आई म्हणाली, "बघ, पावला." आम्ही वजनाची गोष्ट काढली नाही.

शुक्रवारी दुपारी, संध्याकाळी शब्बाथची सुट्टी लागायच्या आत, वडिलांना टेप ऐकवली. ते रेकॉर्डरजवळ मान वाकवून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकू येतोयस रे. बरा वाजवतोस." मी आनंदानं गिटार उराशी धरली.

मग ते भावाकडे वळले. "आणि तू कुठं होतास? तुझं तर काहीच ऐकू येईना. रविवारी लवकर ऊठ."