पेपर मिटल्यावर बोलणारा माणूस

अहमदपूरच्या आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपली की निवृत्तीकाका पेपर वाचायचे. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज असा की बाहेर चपला काढणाऱ्यालाही बातमी कळावी. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या, मोंढ्यात हमाली करणारी माणसं, माझ्यासारखी शिकलेली पण आळशी मास्तरीण, सगळे सतरंजीवर बसून ऐकायचे.

काकांचा एक शिरस्ता होता. आधी बातमी छापली तशी वाचायची. मग पेपर मिटून मांडीखाली घालायचा, आणि त्यानंतरच स्वतःचं बोलायचं. "आतापर्यंत पेपरचं व्हतं," ते म्हणायचे, "आता निवृत्तीचं ऐका. पटलं तर न्या, न्हाई तर इथंच ठेवून जा."

निवृत्तीचं असायचं झणझणीत. परीक्षेचा पेपर फुटल्याची बातमी आली तेव्हा म्हणाले, "पोरांची परीक्षा दुसऱ्यांदा घेऊन राहिले. फोडणाऱ्याची पहिल्यांदा तरी घ्या की!" एकदा मीच विचारलं, काका, आता यंत्रालाही अक्कल येते म्हणतात, तुमचं काय मत? "येऊ द्या. आपल्या नगरसेवकाच्या शेजारी बसवू त्याला. दोघांचं बी बरं व्हईल." विहार हसून बेजार.

एकच गोष्ट ते कधी बोलले नाहीत. मत कुणाला द्यायचं. पक्षांची माणसं त्यांना चहा पाजून थकली. "बाबासाहेबांनी हरेकाला एक मत दिलं," ते म्हणायचे. "मी माझं सांगत सुटलो तर तुमचं बी मीच खाल्ल्यासारखं हाय." बायकोला, सरजाकाकूंनासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कधी विचारलं नाही. म्हणून तर माणसं त्यांचं ऐकायची. मला या माणसाचा फार अभिमान होता आणि आहे.

त्यांचा जावई प्रेम. नांदेडला त्याचं फ्लेक्सचं दुकान. निवडणुका आल्या की फ्लेक्स, स्टेटस, उमेदवारांचे व्हिडिओ, सगळंच करायचा. बोलायला गोड. पावसाळ्यापासून तो काकांच्या लेकीला, विशाखाला घेऊन वरचेवर यायला लागला आणि काका वाचायला बसले की मोबाईल त्यांच्यापुढे ठेवून रेकॉर्डिंग करायचा. "मामा, तुमचं बोलणं जपून ठेवाय पाहिजे," असं म्हणायचा. काका खुलून जायचे. जावई येणार असला की इस्त्रीचा सदरा घालून यायचे. जावयानं चारचौघांत सासऱ्याचं कौतुक करावं, याहून मोठा मान कोणता?

नगर परिषदेच्या मतदानाच्या दिवशी सकाळीच गल्लीतल्या मोबाईलवर काकांचा आवाज वाजला. "जयभीम मंडळी, निवृत्तीचं ऐका..." आणि पुढे एका उमेदवाराचं नाव, त्याचं चिन्ह, आणि यालाच निवडून द्या अशी विनवणी. मधला खोकलासुद्धा काकांचाच. मी निवडणुकीच्या ड्युटीवर उदगीरला, मोबाईल बंद. काकांकडे साधा बटणांचा फोन. ते शांतपणे मत देऊन आले. वाटेत शेजारचा सुदाम म्हणाला, "काका, शेवटी तुमी बी?" त्यांना वाटलं, या वयात रांगेत उभं राहिल्याबद्दल चेष्टा करतोय.

तो उमेदवार निवडून आला. त्यानंतरच्या रविवारी वंदना झाली, काकांनी पेपर उघडला आणि माणसं उठायला लागली. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "आता पेपर कशाला, मोबाईलवरच सांगत जा." सतरंजीवर काका आणि मी उरलो. तेव्हा मी त्यांना ती क्लिप ऐकवली.

त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. "आवाज माझा हाय," ते म्हणाले, "पण हे मी बोललो न्हाई."

माझ्याच फोनवरून त्यांनी प्रेमला फोन लावला. त्यानं नाकारलंसुद्धा नाही! "मामा, रेकॉर्डिंग ॲपमध्ये टाकलं की आवाज तयार होतो. आता सगळेच करून राहिले. अन् ते विहाराला सभामंडप देऊ म्हणलेत. तुमचं नाव झालं वरपर्यंत. घरातलाच आवाज घेतला, परक्याचा थोडाच घेतला मी?"

काकांच्या ओठांवर शिवी आलेली मला दिसली. पण जावयाला अरेतुरे करत नाहीत. त्यांनी कसंबसं म्हटलं, "जावाई, तुमी लई वाईट केलं," आणि फोन माझ्या हातात दिला. माझा काही तो जावई नाही. मी त्याला नालायक म्हणते. पोटच्या पोरीचा नवरा म्हणून ज्याला जवळ बसवलं, त्यानंच या माणसाला बाजारात नेऊन विकलं.

मी काकांबरोबर घरी गेले. काकू ओट्यावर बसून तूर निवडत होत्या.

"सरजा, ती क्लिप ऐकली व्हतीस तू?"

"हाव. गल्लीनं ऐकली."

"तो मी न्हवतो. जावायानं माझा आवाज बनवून घेतला. दारोदार जाऊन सांगतो मी. गावाला पटो न पटो, तुला तर पटलं ना?"

काकूंचा हात सुपातच थांबला. मग खाली बघतच म्हणाल्या, "माझ्या मनात ती नळाच्या पाण्यासाठी भांडती ना, ती बाई व्हती. लई दिवसापासून ठरवलं व्हतं. तिच्या बटनापर्यंत बोट नेलं व्हतं मी."

"मग?"

"मग म्हणलं, येवढ्या वर्षांत तुमी पहिल्यांदाच कायतरी मागितलं."