दोनशे एक्केचाळीस बोटं

चंद्रपुरात जटपुरा गेटाच्या आत, गोल बाजाराकडे वळणाऱ्या गल्लीत रहीमभाऊंचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. त्या पडद्याआडून हाजराबी चहा द्यायच्या आणि चहाबरोबर दोन शब्दही सुनवायच्या.

त्या जागी आधी रहीमभाऊंचे अब्बा बसत. डोळ्याला भिंग अडकवून त्यांनी पस्तीस वर्षं लोकांची घड्याळं चालती ठेवली. दुकान पोराच्या हाती आलं तेव्हा किल्लीची घड्याळं जाऊन सेलची येत होती. पुढे सेलचं स्वस्त घड्याळ बंद पडलं की लोक दुरुस्तीला न आणता नवंच घेऊ लागले. रहीमभाऊ घड्याळाकडून रेडिओकडे गेले, रेडिओकडून टीव्हीकडे. नव्याण्णव साली एका कोळसा खाणीच्या ऑफिसने बंद पडलेले कॉम्प्युटर भंगारात काढले, तेव्हा त्यांनी त्यातला एक सायकलरिक्षात घालून घरी आणला. तीन महिने तो फरशीवर उघडा पडून होता. हाजराबी त्याला ओलांडून स्वयंपाकघरात जायच्या आणि विचारायच्या, "हे पोरगं चालाले केव्हा लागते?"

ते चालायला लागलं. कोणत्या शाळेत न जाता, कोणाला गुरू न करता रहीमभाऊंनी ते चालवलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण स्क्रीनवरचे शब्द ते चेहऱ्यासारखे ओळखत. दोन हजार आठ साल उजाडलं तेव्हा राजुऱ्यापासून पोंभुर्ण्यापर्यंतची माणसं त्यांच्याकडे मशीन घेऊन येत होती. रहीमभाऊंना याचा अभिमान होता, आणि तो त्यांच्या चालण्याबोलण्यात दिसायचा.

त्या साली ऑक्टोबरच्या एका मंगळवारी सकाळी रंजीता दुकानात आली. आली ती पायरीवरच बसली.

"रहीमभाऊ, यादी गेली."

रंजीताला ते ओळखत होते. भामरागडला एका संस्थेच्या आरोग्य केंद्रात ती काम करायची. मे महिन्यात तिने केंद्रासाठी त्यांच्याकडूनच एक जुना कॉम्प्युटर नेला होता.

"कोणती यादी, बाई? आधी वर या. पाणी प्या."

"सिकलसेलची. तीनशे बारा मानसं तपासली होती. हे पाहा, एकाहत्तरच दिसून राह्यले."

तिने पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. रहीमभाऊंनी तो लावून पाहिला. एकाहत्तर नावं. खाली कोरं.

मग तिने सगळं सांगितलं. सिकलसेल हा रक्ताचा आजार, आईबापांकडून पोरांत येणारा. नदीपलीकडच्या गावांत तो घरोघरी आहे, पण नेमका कोणाला आहे हे बोटातलं थेंबभर रक्त पाहिल्याशिवाय कळत नाही. रक्त द्यायला मात्र कोणी तयार नव्हतं. याआधी दोनदा कोणकोण येऊन सुया टोचून गेले होते. काय निघालं ते सांगायला एकही माणूस फिरकला नव्हता. शेवटी तिथल्या एका गावच्या जंगू नावाच्या म्हाताऱ्याने रंजीताला बसवून घेतलं आणि एक बोट वर केलं. एकदाच. एकदाच टोचशील, आणि काय निघालं ते येऊन सांगशील, तर सगळे हात पुढे करतील. दुसऱ्यांदा सुई घेऊन आलीस तर या नदीवर तुला पलीकडे यायला डोंगा मिळणार नाही.

"मी हो म्हटलं, भाऊ. माझ्या शब्दावर म्हाताऱ्या बायांनी बोटं देल्ली. साऱ्या पावसाळाभर डोंग्यातून फिरली मी."

"मग वहीत लिहिलं नाई का?"

"लिहिलं ना! पर्लकोटा नदीत डोंग्यात पाणी शिरलं अन् वहीचा लगदा झाला. मी म्हटलं, जाऊ दे, मशीनीत चढवलं आहे. आता शनिवारी नागपूरहून डॉक्टर येऊन राह्यले. नावं घेऊन कार्ड वाटतीन, गोळ्या देतीन. नावंच नाई त काय वाटतीन?"

एकाहत्तर जण जूनमध्येच झाले होते. पावसाळ्यातले दोनशे एक्केचाळीस. दोनशे एक्केचाळीस बोटं पुन्हा कशी मागायची, एवढाच प्रश्न घेऊन ती रात्रभर बसमध्ये बसून आली होती.

पडदा हलला. हाजराबींनी चहाचे दोन कप ठेवले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "लई उस्ताद म्हणवता ना? काढून द्या बाईची यादी."

रहीमभाऊंनी बाही वर केली. पुसलेल्या फायली खोदून काढायचा एक प्रोग्राम त्यांच्याकडे होता. तो त्यांनी पेनड्राइव्हवर चालवला. दीड तासाने त्यातून कोणाच्या तरी लग्नाचे फोटो निघाले, अर्धी गाणी निघाली, एक रद्द झालेलं बिल निघालं. यादी निघाली नाही. रहीमभाऊ स्क्रीनकडे बघत बसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मोठी यादी या पेनड्राइव्हमध्ये कधी आलीच नव्हती. जे आलंच नाही ते खोदून कुठून निघणार? भामरागडच्या मशीनीवरच ती या छोट्या यादीखाली गाडली गेली असणार.

पण छोटी यादी मोठीवर बसली कशी? मे महिन्यात त्यांनीच भामरागडच्या मशीनीत एक जुळवणीचा प्रोग्राम टाकून दिला होता. पेनड्राइव्ह लावला की तो दोन्हीकडच्या फायली ताडून पाहायचा, जी नवी ती दोन्हीकडे ठेवायचा आणि जुनी पुसून टाकायचा. म्हणजे भामरागडात आणि संस्थेच्या चंद्रपूरच्या ऑफिसात एकच यादी राहावी. जूनची यादी ऑफिसात आली, तिथल्या माणसाने तिला अनुक्रमांक घालून ठेवले, आणि रस्ता बंद झाल्यामुळे पेनड्राइव्ह चार महिने इथेच पडून राहिला. रस्ता खुला झाल्यावर पहिल्या एसटीने तो भामरागडला गेला.

"पेनड्राइव्ह आला तेव्हा काय काय केलं, बाई? एकेक सांगा."

"मशीन चालू केली. तुमी सांगतलं तसं एफ वन दाबलं. मंग पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवर तो चौकोनी डब्बा आला, ओके दाबलं. यादी उघडून पाह्यली त हे. तशीच त्याच एसटीने इकडं आली."

"एफ वन रोज दाबावं लागत होतं?"

"रोज. तुमीच त म्हटलं होतं."

रहीमभाऊंच्या हातातला कप बशीवर टेकला, तो त्यांनी पुन्हा उचलला नाही.

प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसतानाही तो आतलं घड्याळ चालवतो. तो मेला की मशीन दर वेळी जागी होताना आपली तारीख विसरते, एफ वन दाबून पुढे जा म्हणते, आणि आपल्या जन्माच्या तारखेपासून पुन्हा मोजायला लागते. या मशीनीचा सेल मे महिन्यात मेलेलाच होता. रहीमभाऊंना ते माहीत होतं. त्या दिवशी दुकानात त्या मापाचा सेल नव्हता, बसची वेळ झाली होती. 'एफ वन दाबा अन् पुढं चला, सेल आठ दिवसांत पाठवतो,' असं ते म्हणाले होते. मग पाऊस लागला, रस्ता तुटला, आणि सेल त्यांच्या डोक्यातून गेला.

सौरबॅटरीवरची ती मशीन रोज संध्याकाळी बंद होई आणि रोज सकाळी एक जानेवारी दोन हजार तीन या तारखेला जागी होई. रंजीताने कधी कोपऱ्यातली तारीख पाहिली नाही. भामरागडला पावसाळ्यात तारीख लागते कोणाला? बाजार भरला की आठवडा झाला. त्यामुळे पावसाळाभर लिहिलेली यादी पाच वर्षं जुनी ठरली, आणि जूनमधली अर्धीमुर्धी नवी. प्रोग्रामने सांगितलं तसंच केलं. जुनी पुसली.

घड्याळवाल्याच्या पोराने घड्याळच बिघडलेलं ठेवून मशीन दिली होती. रहीमभाऊंना हे बोलून दाखवायचं होतं, पण ते नुसतीच बशी फिरवत बसले. अब्बांच्या हातून असं झालं नसतं.

तेवढ्यात रंजीताच्या मोबाईलने बॅटरी संपल्याची कुरकूर केली. मोठ्या भोंग्याचा चायना मोबाईल. मशीनीला लोंबणारी एक वायर तिला दिसली. "भाऊ, इथी चार्जिंगले लावू का? तिकडंही मशीनीलेच लावला होता."

"थांबा!"

रहीमभाऊंनी वायर हिसकावली ती इतक्या जोरात की चहाची बशी खाली गेली. पडद्याआडून हाजराबी धावत आल्या.

"तिकडं मशीनीले लावला होता? केव्हा?"

"निघाची आदली संध्याकाळ. चार महिने पेटीत पडून होता. रेंजच नाई, त काय करू त्याचं? म्हटलं, जाता जाता चार्ज करून घेवो."

"लावल्यावर डब्बा आला होता का? स्क्रीनवर?"

"आला ना. मी ओके दाबलं. तुमीच म्हटलं, डब्बा आला का ओके दाबा, डोकं लावू नका."

रहीमभाऊंनी तिच्या हातातून मोबाईल घेतला. त्या मोबाईलमध्ये कार्ड होतं, आणि कार्ड म्हणजे प्रोग्रामच्या लेखी आणखी एक पेनड्राइव्ह. कार्डावर आधीची यादी नसेल तर आदल्या संध्याकाळी त्याने यादीची एक प्रत त्यावर ठेवली असणार. पूर्ण यादीची. पण त्या प्रतीवरही तारीख जुनीच. दुकानातल्या या मशीनीतही तोच प्रोग्राम होता; आत्ता हा मोबाईल तिला, या पेनड्राइव्हशेजारी लागला असता, तर एका ओकेबरोबर तीही पुसली गेली असती.

त्यांनी पेनड्राइव्ह काढून हाजराबींच्या हातात दिला. "हे आत घेऊन जा. माझ्याजवळ ठेवू नका."

मग मशीनीतला जुळवणीचा प्रोग्राम त्यांनी बंद केला. भिंग डोळ्याला लावलं, मोबाईलची बॅटरी काढली आणि नखाएवढं कार्ड चिमट्याने बाहेर ओढलं. कार्ड बसवायची प्लास्टिकची खोळ असते, तिच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो खाली ओढला की कार्डातलं वाचता येतं, त्यावर लिहिता किंवा पुसता येत नाही. रहीमभाऊंनी खटका खाली ओढला, बोटाने पुन्हा चाचपला. "बिस्मिल्ला," म्हणाले, आणि कार्ड मशीनीत सारलं.

गाणी. गाणी. फोटो. आणि सगळ्यांच्या तळाशी, सगळ्यांत जुन्या तारखेची, एक यादी.

उघडली. रहीमभाऊंनी खाली सरकवत नेली. शंभर. दोनशे. खुशाल, लालसू, रुखमा, नावामागून नाव, प्रत्येकापुढे गाव आणि रक्ताचा निकाल. शेवटची ओळ तीनशे बारावी.

"मंगली वारलू पुंगाटी," रंजीताने वाचलं. "हेच. ही शेवटची म्हातारी. माझा हात धरून बसली होती." तिने त्या ओळीवर बोट टेकवलं. हाजराबींनी तिला जवळ घेतलं तेव्हा ती रडतही होती आणि हसतही होती. दोघींचं बघून रहीमभाऊंनी चष्मा पुसायला काढला.

मग ते बोलले. सेलचं बोलले, आठ दिवसांच्या वायद्याचं बोलले, काही झाकून ठेवलं नाही.

रंजीता ऐकत राहिली. "म्हंजे माझ्या हातून नाई झालं?"

"नाई, बाई. माझ्या हातून झालं."

"अन् मी रातभर बसमधी म्हणून राह्यली, का मीच अडाणी, मलेच मशीन समजत नाई!" तिने ओढणीने तोंड पुसलं. "आता राग यावा का हसावं, तेही कळत नाई."

"राग नंतर करजो," हाजराबी म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "तुमी आता सेल घ्या अन् बाईसंग जा. हातानं बसवून या. नाईतर पुन्हा आठ दिवस म्हणान."

यादीच्या दोन प्रती कागदावर छापल्या, एक सीडीवर उतरवली. दुसऱ्या दिवशी रहीमभाऊ खिशात तीन सेल घेऊन भामरागडच्या एसटीत बसले. आलापल्लीपुढे साग दाटत गेला, खिडकीतून ओल्या पानांचा वास येत राहिला. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात ते या रस्त्याला आले नव्हते. सेल बसवायला त्यांना चार मिनिटं लागली. तारीख घालायला एक.

शनिवारी डॉक्टर आले. नदीपलीकडे जंगूच्या गावी मोठ्या चिंचेखाली माणसं जमली. रंजीता छापील यादीतून नावं घेत होती, निकाल त्यांच्याच माडिया बोलीत समजावत होती, आणि एकेक जण कार्ड घेऊन बाजूला बसत होता. कोणाला टोचावं लागलं नाही. रहीमभाऊ कडेला उभे राहून प्रत्येक नाव मनात मोजत होते.

शेवटच्या नावानंतर जंगूने त्यांच्याकडे हात करून काही विचारलं. रंजीताने बराच वेळ उत्तर दिलं. यादी कशी गेली, कशी आली, सगळंच सांगितलं असावं. म्हाताऱ्याने रहीमभाऊंना पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि एक वाक्य टाकलं. अख्खी चिंच हसली.

"काय म्हणाले?"

"म्हणते, आमचं साऱ्याइचं रक्त याच्या मशीनीत जाऊन आलं. याचं कुठी आहे?"

डॉक्टरही हसले. रहीमभाऊंनी बाही वर केली आणि हात पुढे केला. चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू फिरवणारा तो हात सुई दिसताच मागे गेला. मंगली म्हातारी पुढे सरकली आणि तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं. सुई टोचली तेव्हा ते "अल्ला!" म्हणून ओरडले. लेकरं हसून लोटपोट झाली.

रंजीताने यादीच्या शेवटी पेनाने लिहिलं: तीनशे तेरा, रहीम शेख, वय छप्पन्न, राहणार चंद्रपूर. मग जंगूने थोडं सरकून आपल्या शेजारी त्यांना बसायला जागा करून दिली.