पाय न टेकता मंडईपर्यंत

आबेदाबींच्या नवऱ्याचं सायकलींचं दुकान होतं आणि आबेदाबींना सायकल येत नव्हती. मंडईमागच्या गल्लीत अमीनभाई तासावर सायकली भाड्याने द्यायचे. एकेकाळी चाळीस होत्या, प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. सदतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या आल्या आबेदाबी म्हणाल्या होत्या, "मलाही शिकवा ना." अमीनभाई म्हणाले, "रविवारी बघू." आणि रविवारी दारात अर्धं पुणं सायकल मागायला उभं! कॉलेजची पोरं, पर्वतीला निघालेली कुटुंबं, नुसतंच एक चक्कर मारून तासाचे पैसे वसूल करणारे चिवट म्हातारे. तेवढा एक रिकामा रविवार काही उजाडला नाही.

मग रस्ते स्कूटरांनी भरले, भाड्याचा धंदा बसला, दुकान पंक्चरवर आलं. मुलगा शाहिद नोकरीसाठी नाशिकला गेला. चाळिसांतली एकच सायकल उरली. बावीस नंबर, हिरवी, लेडीज, पुढे बास्केट. ती कुणी भाड्याने नेत नव्हतं आणि अमीनभाई तिला मोडीतही काढत नव्हते.

अशात एक दिवस तनया पंक्चर काढायला आली. यवतमाळची पोरगी. खराडीत कॉम्प्युटर कंपनीत टेस्टिंग करायची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून पगार घ्यायची. अमीनभाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते आणि ही बोलत होती.

"काका, चाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी क्लास काढते आहे मी. दर रविवारी सकाळी, सदाशिव पेठेत, शाळेच्या ग्राउंडवर. फुकट! तुमच्या दुकानात एक कागद चिकटवू का?"

"चिकटव," अमीनभाई म्हणाले, "पण चाळिशीच्या पुढे हाडं चिकटत नाहीत, तेही खाली लिही."

डबा घेऊन आलेल्या आबेदाबी दारातच उभ्या होत्या. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, ओढणी नीट केली आणि विचारलं, "सत्तावन्न चालतील?"

"अरे बाप्पा, पळतील काकू!" तनया म्हणाली.

पुढचे आठ रविवार त्या मैदानावर जे चाललं, ते बघायला शेजारच्या इमारतीतली माणसं चहाचे कप घेऊन गॅलरीत येऊ लागली. नऊ बायका. कुणी साडी खोचून, कुणी लेकीची ट्रॅकपँट चढवून, आबेदाबी सलवार-कमीज आणि शाहिदचे जुने बूट घालून. एक पडली की तिला बघून दुसरी हसायची, आणि हसता हसता तीही पडायची. विमलाबाई सगळ्यांत मोठ्या, अडुसष्ट वर्षांच्या, जवळच्याच दवाखान्यात तीस वर्षं नंबर पुकारलेल्या. पडल्या तरी आवाज तसाच: "चला, पुढचा पेशंट."

तनया शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत जिल्हा पातळीपर्यंत गेलेली होती. तिने मैदानावर चुन्याने मोठं वर्तुळ आखलं आणि बायकांना त्यावरून फिरवलं. "नजर समोर! पायडल मारा काकू, थांबू नका!" पहिल्या रविवारी ती सीट धरून मागे पळाली, चौथ्या रविवारी तिने हात सोडला, आणि आबेदाबींना ते अर्ध्या फेरीनंतर कळलं. त्या इतक्या जोरात ओरडल्या की गॅलरीतल्या एका आजोबांचा चहा सांडला. आठव्या रविवारपर्यंत त्या चुन्याच्या रेघेच्या कडेकडेने एकामागून एक वीस फेऱ्या मारू लागल्या, इतक्या सफाईने की रेघ पुसली गेली नाही. संध्याकाळी दुधाची पिशवी आणायला निघाल्या तरी पाय आपोआप गोल फिरायला बघायचे.

पण रस्त्यावर मात्र त्यांना धीर होत नव्हता. घरापासून मैदानापर्यंत त्या बावीस नंबरला गाईसारखी हाताने धरून न्यायच्या आणि तशीच परत आणायच्या. हेच अमीनभाई आठ रविवार बघत होते.

म्हणून जेव्हा सुदर्शन नावाचा तरुण दुकानात आला आणि म्हणाला, "काका, बाणेरला कॅफे काढलाय, जुन्या पुण्याची थीम आहे, ही सायकल भिंतीवर टांगायची आहे," तेव्हा अमीनभाईंनी हो म्हणून टाकलं. रविवारी टेम्पो घेऊन ये म्हणाले.

घरात आबेदाबींनी कांदा चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

"माझी सायकल भिंतीवर?"

"तू तरी तिच्यावर बसून कुठे जातेस? ढकलतच नेतेस. ढकलायचंच असेल तर भाजीची ट्रॉली आणून देतो, चाकं चार असतात."

या घरात लाडाचं बोलणं दखनीत व्हायचं आणि भांडण अस्सल पेठी मराठीत. हे मराठीत चाललं होतं.

"रविवारी कुटुंबांची सायकल फेरी आहे," आबेदाबी म्हणाल्या. "मैदानापासून मंडईपर्यंत. आमचा क्लास जाणार आहे."

"जाणार म्हणजे? चालत?"

"चालवत."

अमीनभाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "असं? मग ऐक. मैदानावरून निघायचं आणि मंडईपर्यंत पाय न टेकता यायचं. रस्ता मोकळा ठेवणार आहेत, सिग्नलची सबब नाही. आलीस, तर सायकल तुझ्या नावावर, सुदर्शनला मी रिकामा परत पाठवतो. पाय टेकलास, की भिंत."

"एकदाही नाही टेकायचा?"

"एकदाही नाही."

"ठीक आहे," आबेदाबी म्हणाल्या आणि राहिलेला कांदा इतका बारीक चिरला की तो भाजीत सापडला नाही.

रविवारी सकाळी मैदानावर नुसती जत्रा. आईवडील, आजीआजोबा, चाकांना फुगे बांधलेली मुलं, स्टेजवर लिंबूसरबताची पिंपं, आणि माइकवाला एकच वाक्य दहा वेळा सांगत होता: "पालकांनी मुलांना आणि मुलांनी पालकांना सांभाळावे." तनयाच्या नऊ बायका एका रंगाच्या टोप्या घालून रांगेत. पैजेची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. शिट्टी वाजली. आबेदाबींनी बिस्मिल्ला म्हटलं, पायडल दाबलं आणि फाटकातून बाहेर पडल्या.

आणि रस्ता! ज्या रस्त्यावरून सदतीस वर्षं पिशव्या सांभाळत, अंग चोरून चालल्या, तो असा पायाखालून सरसर मागे पळायला लागला. दुकानांच्या पाट्या वाचता वाचता संपायच्या. वारा कानात शिरून काहीतरी भलतंच बोलायचा. आबेदाबी मोठ्याने हसल्या, कारण नसताना.

तेवढ्यात पहिला चौक आला. फेरीचा बाण उजवीकडे. पुढची मुलं फुग्यांसकट उजवीकडे वळली. आबेदाबींनीही हॅंडल उजवीकडे नेलं, तर अंग डावीकडे झुकायला लागलं. परत प्रयत्न केला, तर सायकल अशी डुगडुगली की पाय आपोआप खाली येऊ लागला. त्यांनी तो घाईने पायडलवर घेतला आणि चौकातून सरळ पुढे निघून गेल्या.

"आबेदाबी, उजवीकडे!" मागून विमलाबाई ओरडल्या.

"वळत नाहीये!"

"सायकल?"

"मी!"

विमलाबाईंनी स्वतः उजवीकडे वळायचा प्रयत्न केला आणि त्याही सरळ आल्या. त्यांच्या मागून उरलेल्या सातही जणी सरळ. सगळ्यांत मागे येणाऱ्या तनयाच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. धावण्याच्या ट्रॅकवर डावीकडेच फिरतात. ती आयुष्यभर तशीच धावली होती, आणि आठ रविवार, शेकडो फेऱ्या, या नऊ बायकांना तिने फक्त डावीकडेच फिरवलं होतं. जगाच्या चुका शोधणाऱ्या पोरीने उजवी बाजू तपासलीच नव्हती.

"काकू, माझं चुकलं हो!" ती मागून रडकुंडीला येऊन ओरडली.

आबेदाबींना मात्र रडायला वेळ नव्हता. उजवीकडे येत नाही. थांबता येत नाही, थांबलं की पाय टेकतो. येतं काय? डावीकडे. ते तर असं येतं की चुन्याची रेघ पुसत नाही. मैदानावर डावीकडे वळत वळत माणूस शेवटी कुठे पोचतं? जिथून निघालं तिथेच. आणि तीनदाच वळलं, तर आडवं. त्यांनी घंटी वाजवली.

"बायांनो, माझ्यामागून या! पहिली डावी!"

पहिल्या गल्लीत डावीकडे. वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती, पेपर वाचणारे काका, दाराशी रांगोळी काढणारी मुलगी. परत डावीकडे. मिसळीच्या दुकानाबाहेर नंबर लावून बसलेली माणसं उठून उभी राहिली. परत डावीकडे, आणि समोर तोच चौक, पण आता आडवा. नऊ टोप्या घंट्या वाजवत, बाणाच्या बरोबर दिशेने, चौक ओलांडून पलीकडे गेल्या.

शिट्टीवाला स्वयंसेवक तोंड उघडं टाकून बघत होता. "अहो मावशी, तुम्ही आत्ताच सरळ गेलात ना?"

"गेलो होतो," विमलाबाई म्हणाल्या. "चौक आवडला म्हणून परत आलो."

पुढचं वळण डावीकडचं होतं. तिथे तर नऊजणींनी असा झोक दिला की बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरं उजवं, परत तीन डावी. एव्हाना मागे दोन फुगेवाली मुलं लागली होती, कारण त्यांना हा रस्ता जास्त मजेचा वाटला, आणि मुलांच्या मागे त्यांचे पालक.

तिसऱ्या उजव्यासाठी मात्र घात झाला. दोन डावी झाली आणि तिसऱ्याच्या तोंडाशी सोनबा भाजीवाल्याची हातगाडी आडवी. वर कोबीचा डोंगर, आणि सोनबा खाली वाकून चाकात अडकलेली सुतळी काढतोय.

"काका, गाडी!"

"अगं बाई, चाकच फिरत न्हाई, मी काय करू?"

विमलाबाईंनी पाय टेकला. एकेक करत सगळ्यांनी टेकले. आबेदाबी एकट्या राहिल्या. गल्लीच्या त्या तोंडाशी जेमतेम एक खोली मावेल एवढी मोकळी जागा होती, मध्ये विजेचा खांब. आबेदाबींनी खांबाभोवती डावीकडे हॅंडल वळवलं आणि फिरायला लागल्या. एक फेरी. दोन. पाच. फेरी इतकी लहान की ओढणी खांबाला पुसून जात होती.

"मोजा गं!" विमलाबाई म्हणाल्या आणि सगळी गल्ली मोजायला लागली. खिडक्यांतून आवाज येऊ लागले. "अकरा! बारा!" सोनबा सुतळी सोडून बघतच बसला, तेव्हा विमलाबाईंनी त्याला दवाखान्यातल्या आवाजात सांगितलं, "तुमचा नंबर आलाय, उरका." चौदाव्या फेरीला सुतळी तुटली. चार बायकांनी कोबीसकट गाडी बाजूला लोटली, आणि आबेदाबी खांबाभोवतून गोफणीतल्या दगडासारख्या सुटल्या.

मंडईसमोर फेरी केव्हाच पोचली होती. मुलं सरबत पिऊन परत खेळायला गेली होती. सुदर्शन टेम्पोला टेकून उभा होता. अमीनभाई आधी ऐटीत उभे होते, मग येरझाऱ्या घालायला लागले, मग येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला विचारायला लागले, "हिरवी सायकल? लेडीज? बाई पडलेली दिसली का कुठे?" पैज त्यांच्या डोक्यातून पार गेली होती. ते शोधायला निघणार, इतक्यात वरच्या बाजूने घंट्यांचा गलका आला.

पुढे आबेदाबी, मागे आठ टोप्या, फुगे, पालक, तनया, आणि सगळ्यांत शेवटी पळत पळत सोनबा, कारण पुढे काय होतं ते त्यालाही बघायचं होतं.

"पाय?" अमीनभाई ओरडले.

"आमचे टेकले, यांचा नाही!" विमलाबाई म्हणाल्या. "लेखी देऊ का?"

अमीनभाईंनी सुदर्शनकडे बघितलं. "पोरा, टेम्पो रिकामा ने. ही सायकल चालू आहे. चालू सायकल भिंतीवर टांगत नसतात."

"काका, पण..." सुदर्शन म्हणाला. मग आबेदाबींकडे बघून तोही हसायला लागला. "काकू, थांबा, एक फोटो तरी!"

पण आबेदाबी थांबल्याच नाहीत. अमीनभाईंच्या हाताला हात लागेल एवढ्या जवळून त्या गेल्या आणि मंडईच्या दगडी इमारतीला डाव्या हाताला ठेवून पलीकडे नाहीशा झाल्या. दोन मिनिटांनी दुसऱ्या बाजूने उगवल्या. टोपी उडालेली, चेहरा लालबुंद, हसू आवरत नव्हतं. भाजीवाल्या बायका गिऱ्हाईक सोडून उभ्या राहिल्या.

"अगं झालं! जिंकलीस! सायकल तुझी!" अमीनभाई बाजूने पळत म्हणाले. "उतर आता, दम खा!"

"तुम्ही खा दम! मला नाही लागला!"

आणि परत वळण घेऊन गेल्या. अमीनभाई धापा टाकत उभे राहिले. मग त्यांनी तनयाच्या हातातून तिची सायकल घेतली, लुंगी गुडघ्यापर्यंत वर बांधली आणि बायकोच्या मागून निघाले. तिसऱ्या फेरीला ते दहा हात मागे होते. चौथ्या फेरीलाही तेवढेच.