आईच्या कपाळावरचा चरा

आईबाबांच्या लग्नाचा एकच फोटो आहे आणि त्यावरचा चरा बाबांनी पाडलेला आहे. पंचवटीतल्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा टेम्पोतून सामान उतरवताना फोटोची काच फुटली. बाबांना कुठेही धूळ दिसली की राहवत नाही. स्वतःचा चष्मा, स्कूटरचा आरसा, दुसऱ्याच्या घरातला टीव्हीसुद्धा ते खिशातल्या रुमालाने पुसतात. त्या दिवशी त्यांनी काचेचे मोठे तुकडे बाजूला केले आणि उरलेला चुरा झटकायचा सोडून फोटोवरून रुमाल फिरवला. आईच्या कपाळापासून थेट गळ्यापर्यंत पांढरी रेघ उमटली. बाबा फोटोत होते तसेच राहिले, ठणठणीत.

"बरा माझ्यावरूनच फिरला तुमचा हात," आई म्हणाली आणि तिने फोटो साडीच्या घडीत गुंडाळून कपाटात ठेवून दिला. त्यावरून भांडण असं झालं नाही. पण पुढे कधीही बाबांनी खिशातून रुमाल काढला की आई म्हणायची, "जरा बघून पुसा." बाबा तेवढ्यापुरते ओशाळायचे.

यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. मी ठरवलं, तो चरा काढायचाच. आता एआयची ॲप आली आहेत, फोनवर बोट फिरवलं की जुने फोटो नवे होतात, आणि मला या उद्योगाची भारी हौस. ऑफिसातल्या अर्ध्या लोकांचे आजी-आजोबा मी असे उजळून दिले आहेत. माहेरी गेले तेव्हा मी आईच्या कपाटातून फोटो काढला, खिडकीजवळ धरून त्याचा फोटो घेतला आणि चऱ्यावरून बोट ओढलं. दोन-चार सेकंदांत चरा गेला. वर त्या ॲपने रंगही भरले. बाबांचा पुढे आलेला दात सरळ करून टाकला होता, तो मी तीनदा सूचना देऊन पुन्हा वाकडा करून घेतला. आईची पैठणी गुलाबी केली होती. मी आईला फोन लावून खरा रंग विचारला.

"हिरवी होती. आमच्या येवल्याच्या मागावरची," ती म्हणाली, आणि मग तिला सगळंच सांगावं लागलं. तेव्हापासून ती रोज विचारायची, "झाला का गं फोटो?"

पैठणी हिरवी केली. हातातला तुरा, मुंडावळ्या, पाठीमागचा मांडव, सगळं मोठं करून तपासलं. आईचे एकोणीस वर्षांचे डोळे इतके स्वच्छ दिसले की मला रडू आलं. खूश होऊन मी फोटो शालिमारजवळच्या फ्रेमवाल्याकडे पाठवला. भिंतीसाठी एक मोठा, टेबलावर ठेवायला एक छोटा.

त्याच आठवड्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली, तीही दोन दिवसांत. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, फ्रेम, जेवणावळीची यादी, सगळं बाजूला पडलं. मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात बाबांना दाखल केलं. मी त्यांच्याजवळ थांबले, आई घरून जाऊन-येऊन होती.

ऑपरेशनच्या दिवशी आई सकाळी साडेआठला आली. बाबांना आत न्यायला आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला. देण्याआधी रुमालाने पुसला. आई त्यांच्याबरोबर दारापर्यंत चालत गेली आणि दार बंद झाल्यावर तिथेच उभी राहिली. मी तिला आणून खुर्चीवर बसवलं.

"सुखरूप बाहेर आले की मी घरी जाऊन देवापुढे साखर ठेवून येते," ती म्हणाली. फोटोबद्दल त्या दिवशी तिने एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटलं, आज कसलं फोटोचं सुचतंय तिला.

अकराच्या सुमारास फ्रेमवाल्याचा फोन आला. मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन घेतला.

"ताई, सकाळपासून दोनदा लावला, लागला नाही. तुमची मोठी फ्रेम पोचली. आमचा माणूस पंचवटीतच राहतो, तो कामावर येताना घरी देऊन आला. पण ताई, आत्ता छोटी कॉपी लावायला घेतली तेव्हा माझ्या लक्षात आलं..." तो थांबला. "राग मानू नका. लग्नाचा फोटो हाय, अन् नवरीच्या कपाळाला कुंकू नाय. गळ्यातपण काय नाय. असंच होतं का ते?"

मी फोन कानापासून काढला आणि फोटो उघडला. खरंच नव्हतं. चरा जिथून गेला होता तिथेच कुंकू होतं, तिथेच काळ्या मण्यांची पोत होती. त्या ॲपने चऱ्याबरोबर दोन्ही उचलून टाकली होती आणि त्या जागी छान गुळगुळीत कातडी भरली होती. हिरवी पैठणी, मुंडावळ्या, शेजारी नवरा, आणि मोकळं कपाळ, मोकळा गळा. तो चेहरा मी आठ दिवस बघत होते. दात बघितला, पैठणी बघितली, आणि हे मला दिसलंच नाही. कसं दिसेल? माझं स्वतःचं कपाळ कायम मोकळं. लग्न झाल्यापासून आई मागे लागली आहे, निदान बारीकशी टिकली तरी लाव, आणि मी तिला ऐकवत आले आहे की मी असलं काही मानत नाही.

मानत नाही हे खरंच आहे. तरी त्या क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं. पन्नास पावलांवर बाबांची छाती उघडलेली होती. ते सुखरूप बाहेर आले तर आई साखर ठेवायला घरी जाणार होती, आणि नाही आले तरी घरीच जाणार होती. घरात पहिली गोष्ट तिला दिसणार होती ती तिच्याच लग्नातलं तिचं कुंकू पुसलेलं कपाळ, आणि ते तिच्या लेकीने पुसलेलं. हे मी तिला कुठल्या तोंडाने समजावणार होते? ॲपची चूक आहे म्हणून?

ती घरून निघाल्यावर फ्रेम आली असणार, म्हणजे शेजारच्या काकूंनी घेतली असणार, असा मी हिशेब केला. तिच्याआधी पोचायला हवं होतं.

"आई, विम्याची फाइल घरी राहिली. मी घेऊन येते," मी म्हणाले.

"मी जाते ना. तू इथं थांब. डॉक्टर काही विचारतील."

"नको! तू बस." माझा आवाज चढला. शेजारच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. आईने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पर्समधून घराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

द्वारका चौकात रिक्षा अडकली. पुढे ट्रक, मागे बस, डावीकडे उसाची ट्रॉली.

"दादा, गल्लीतून काढा ना कुठून तरी."

"गल्लीत घुसलो तर तिकडंच संध्याकाळ होईल ताई. बसा निवांत."

निवांत! मी त्याच्यावर खेकसले, मग सॉरी म्हणाले, मग पुन्हा खेकसले. हातात फोन घट्ट धरला होता. हॉस्पिटलातून फोन येईल या भीतीने तो खाली ठेववत नव्हता, आणि वाजला तर उचलायचा कसा हेही कळत नव्हतं. बाबांचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्यामुळे झालं असं मला आयुष्यभर वाटत राहणार होतं. शिकलेली बाई, कंपनीत लोकांना कॉम्प्युटर शिकवते, आणि रिक्षात बसून एका फोटोला घाबरते. मला माझीच चीड आली. पण भीती काही कमी झाली नाही.

गोदावरीचा पूल ओलांडला आणि घराशी रिक्षा थांबायला सांगून उतरले. आधी शेजारचं दार वाजवलं.

"काकू, सकाळी एक पार्सल आलं का? मोठं, चपटं?"

"आलं ना. तुझ्या आईनेच घेतलं. निघायच्याच गडबडीत होती. बाबांचं कसंय?"

"आत आहेत अजून," म्हणत मी आमच्या दाराकडे धावले. कुलूप काढून आत शिरले.

फ्रेम सोफ्यावर भिंतीला टेकून उभी होती. वरचा खाकी कागद नीट घडी करून टीपॉयवर ठेवलेला होता, त्याची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवलेली. मी जवळ गेले. काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, कुंकू लावलेलं होतं. तेलात कालवून लावलेलं, रुपयाएवढं, एका बाजूला जरा ओघळलेलं. आणि गळ्याखाली, मंगळसूत्राच्या वाट्या असतात तिथे, हळदीचे दोन ठिपके.

मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले.

म्हणजे तिने सकाळी साडेसातला, एकटीने, हे पाहिलं होतं. बाबांच्या ऑपरेशनला निघायच्या वेळी. कुणाला फोन केला नाही, मला बोलली नाही. देवघरातून कुंकू आणि हळद आणली, जे नव्हतं ते लावलं, कागदाची घडी घातली, कुलूप लावलं आणि रिक्षा करून आली. मग अडीच तास माझ्या शेजारी खुर्चीवर बसली. मी फाइलचं खोटं सांगितलं तेव्हा मुकाट्याने किल्लीही काढून दिली.

मी फ्रेमला हात लावला नाही. आल्या रिक्षाने परत गेले. फाइल आणायची विसरले.

आई तशीच बसली होती. तिच्या कपाळावरचं कुंकू नेहमीपेक्षा मोठं होतं. सकाळपासून मोठंच असणार, मला आत्ता दिसलं.

"फाइल?" तिने विचारलं.

"सापडली नाही."

"असू दे. दार नीट लावलंस ना?"

"लावलं."

तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला. तिची बोटं गार पडली होती. करंगळीशेजारच्या बोटाच्या नखात लाल राहिलं होतं. त्या बोटाकडे बघत मी दीड तास काढला. दार उघडायचं, कुणीतरी नर्स यायची, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारायची, आणि दर वेळी आईची बोटं माझ्या हातात रुतायची.

दोन वाजून गेल्यावर सर्जन बाहेर आले. मास्क काढून म्हणाले, व्यवस्थित झालं. आईने त्यांना हात जोडले आणि मला म्हणाली, "जाते मी. साखर ठेवायचीय."

पुढच्या आठवड्यात मी कुंकू, मंगळसूत्र सगळं परत घालून फोटो नव्याने करून घेतला. फ्रेमवाला फुकट बदलून द्यायला तयार होता. आईने नवा फोटो बघितला, चांगला झालाय म्हणाली, आणि टेबलावरच्या छोट्या फ्रेमसाठी तो पसंत केला. भिंतीसाठीच्या मोठ्या फ्रेमला मात्र तिने हात लावू दिला नाही. खिळा तिने स्वतः ठोकला.

बाबा घरी आले ते छातीला पट्टा बांधून, पावलं मोजत. हॉलमधल्या खुर्चीत बसले, दम घेतला, चष्मा लावला आणि भिंतीकडे पाहिलं.

"वा! चरा गेला की," ते म्हणाले. मग डोळे बारीक केले. "पण काचेवर काय सांडलंय ते?"

आणि मी पाण्याचा पेला पुढे करेपर्यंत ते खुर्चीचा हात धरून उठले, दोन पावलं गेले आणि खिशातून रुमाल काढला.

"पुसू नका!"

आम्ही दोघी एकदमच ओरडलो. आई स्वयंपाकघराच्या दारातून, मी पेल्यातलं पाणी सांडत. बाबांचा हात काचेपासून वीतभर अंतरावर थांबला.

"एकदा पुसलंत तेवढं बास झालं," आई म्हणाली.

बाबांनी काचेवरच्या त्या ओघळलेल्या कुंकवाकडे जवळून पाहिलं. हळदीचे ठिपके पाहिले. मग वळून आईकडे पाहिलं, बराच वेळ. परत येऊन खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि त्याच रुमालाने तो पुसत राहिले.