यजमानांची भिंत

विधात्याने प्रत्येक वस्तूस तिचे स्थान नेमून दिले आहे, या सिद्धांतावर आमच्या फुलचूरच्या यजमानांइतकी निष्ठा ठेवणारा मनुष्य मी पाहिलेला नाही. मी त्यांच्या घरचा पुरोहित. शास्त्राशी त्यांचा संबंध प्रसादापुरता. परंतु धान वाहणाऱ्या त्यांच्या जुन्या लॉरीच्या टिनाच्या शेडमध्ये शिरताना माझे हात आपोआप जोडले जात. एकदा नागपूरचा एक विक्रेता औजारांसाठी खणांच्या लोखंडी कपाटाचे चित्र घेऊन आला. यजमानांनी त्यास चहा पाजला, चित्र भक्तिभावाने न्याहाळले आणि विचारले, "हे कपाट ज्या खोक्यातून येते, थे खोकं तेवढं विकता का?"

त्यांची सामग्री निराळी होती. रॉकेलच्या डब्यांचे खण, चहाच्या खोक्यांच्या फळ्या, बांबूच्या पेरांत मोठे पेचकस, फाटक्या ट्यूबच्या पट्ट्यांत पाने. खिळेसुद्धा विकत घ्यावयाचे नाहीत, हा नियम. म्हणून एक खुंटी सायकलच्या आरीची, दुसरी बैलगाडीच्या खिळीची, तिसरी म्हशीच्या शिंगाची. प्रत्येक औजाराभोवती भिंतीवर गेरूची आकृती. गोंदियास पुतण्याच्या लग्नात, भर पंगतीत, खिशातला पाना हातास लागताच ते पानावरून उठले. मी अडविले, तर म्हणाले, "महाराज, त्याचं घर रिकामं पडून राह्यलं. मी कसा जेवू?" यजमानीणबाईंचे म्हणणे असे, की "माह्या पळ्यांलेबी गेरूनं घर काढून देल्लं यायनं. मी कुठं उभी राहाची, थे काढाचं बाकी हाय."

पुढे यजमानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नागपुरास रेल्वेत नोकरीस असलेल्या त्यांच्या एकुलत्या एका चिरंजिवांनी बजावले: लोखंडी कपाट घ्या, हाताखाली माणूस ठेवा, नाहीतर लॉरी विका आणि आमच्याकडे चला. खंडेनवमीस येऊन ते निकाल देणार होते. यजमान मला म्हणाले, "खणात सारे पाने एकावर एक. डोये नाई, तं मी वळखू कायनं? अन् लॉरी गेली, तं दिवसभर करू काय?"

नवमीस मी औजारांच्या पूजेसाठी गेलो, तो शेडची भिंत कोरी पांढरी. आदल्या दिवशी यजमानीणबाईंनी सणाच्या रीतीप्रमाणे पांढऱ्या छुईमातीने ती पोतारली होती. एकही आकृती उरली नव्हती. औजारांचा ढीग जमिनीवर. चिरंजीव हाताची घडी घालून उभे.

"सण हाय, भित काय काळीच ठेवू?" बाई म्हणाल्या, पण त्यांचा स्वर पडलेला होता.

यजमानांनी मला थांबावयास सांगितले. डाव्या हाताने खुंटी चाचपावी, उजव्या हाताने ढिगातून औजार उचलावे आणि टांगावे. शिंगावर हातोडी, सायकलच्या आरीवर पक्कड. फुकटच्या खुंट्या, एकीसारखी दुसरी नव्हती, म्हणून बोटांस प्रत्येकीची ओळख होती. ढीग संपला. एक खुंटी मात्र रिकामी राहिली.

"इथलं हरवलं ना?" चिरंजीव म्हणाले.

"हात लावून पाह्य."

त्यांनी हात लावला. ती त्यांच्याच लहानपणीची विटी होती.

"नोकरीवर गेला तवा लहाना पेचकस तूच नेला. माहं काईच हरवलं नाई."

कपाटाचा वा लॉरी विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढल्या नवमीस चिरंजिवांनी पेचकस आणून विटीवर टांगला. पूजा आटोपताच यजमानांनी तो काढून त्यांच्या खिशात घातला. "घेऊन जा. पुढच्या नवमीले आणजो." हा प्रघात मग दरवर्षीच्या विधीचा भाग झाला.

यंदाच्या नवमीस यजमान नव्हते. चिरंजिवांनी पेचकस टांगला, मी फूल वाहिले. निघताना ते विटीपाशी घुटमळले. आपल्याच हाताने तो कसा काढावा, हे त्यांस उमगेना. यजमानीणबाईंनी पदरास हात पुसले, पेचकस काढला आणि मुलाच्या खिशात घातला. भिंत यंदा त्यांनी पोतारली नव्हती; खुंट्या चाचपणाऱ्या यजमानांच्या बोटांचे डाग तिच्यावर तसेच होते.